अठरा धान्यांची रात्र

निघण्याआधी मोबाईल इथंच ठेवा. पाण्याची बाटलीही ठेवा. सकाळी पाहिलेला हवामानाचा अंदाज तर मनातूनही काढून टाका. आपण जातोय त्या गावात त्याची गरज प्रत्येकाला आहे आणि तो कुणाजवळच नाही. उपरणं डोक्याला घट्ट बांधा. मेंदू मात्र स्वतःचा, शाबूत घेऊन चला. वाटेत तो काय काय करतो, ते मी तुमच्या कानाशी सांगत राहीन.

उतरा. हे नांदुरा स्टेशन. साल १९००, मे महिन्याचे पहिले दिवस. सूर्य अजून वर आलेला नाही, तरी कालच्या उन्हानं फलाट अजून कोमट आहे. इंजिनाचा धूर घशात बसतो. त्यात तागाच्या पोत्यांचा, घामाचा आणि कुठल्यातरी बांधावर मरून पडलेल्या जनावराचा वास मिसळलाय. एरवी या भागातल्या स्टेशनांवर कापसाच्या गाठी दिसायच्या. आज बाहेरून आलेल्या धान्याची पोती दिसतात आणि पोत्यांखाली सांडलेले दाणे वेचणारी पोरं. गेल्या साली पावसानं वऱ्हाडाकडे पाठ फिरवली. पेवं रिकामी झाली, गोठे रिकामे झाले, घरची कर्ती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. याहून जास्त चौकशी करायला आपल्याला वेळ नाही. संध्याकाळच्या आत पूर्णा ओलांडून भेंडवळ गाठायचंय. आज जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे, तेव्हा ते अकोल्यात मोडत होतं. गावाला त्याचं काही नाही. गावाचं सगळं लक्ष आभाळाकडे आहे, कारण आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

"बसा भाऊ, बसा. उन्ह चढाच्या आंधी नदी गाठा लागते," बंडीवाले बाबा म्हणतात. बसा. पाठीला टोचणारा हा कडबा आहे, तोही मूठभरच. बैलांच्या फासळ्या लांबूनही मोजता येतात.

कोसभर गेलो नाही तोच बाबांची मान छातीवर आली. घाबरू नका. खड्डा जवळ आला की त्यांचा हात कासरा ओढतो, खड्डा सरला की पुन्हा सैल सोडतो, आणि घोरणं सुरूच राहतं. हे त्यांच्या मेंदूच्या खोल भागातल्या 'स्ट्रायटम' या गाभ्याचं काम. अमेरिकेत एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना चॉकलेटच्या ओढीनं एक वळणाची वाट शिकवली आणि त्यांच्या स्ट्रायटममधल्या पेशी कधी चाळवतात ते नोंदवलं. नव्या वाटेवर त्या सगळ्या वाटभर चाळवत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधला सगळा प्रवास मेंदूनं एका गाठोड्यात बांधून टाकला होता. सवय म्हणजे हेच: शेकडो वेळा खरा ठरलेला अंदाज, जो पुन्हा तपासून पाहायची मेंदूला गरज वाटत नाही.

बाबांची अशी आणखी एक सवय होती. मृग लागला की पेरायचं. त्यांच्या वडिलांनी पेरलं, आजोबांनी पेरलं. गेल्या साली बाबांनीही पेरलं आणि आभाळ कोरडं राहिलं. अंगवळणी पडलेली वाट अशी अचानक तुटते, तेव्हा कपाळामागचा मेंदू, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जागा होतो आणि विचारतो: आता काय? त्या प्रश्नाला उत्तर मिळावं म्हणून बाबा आज भेंडवळला निघालेत. वाटेत तुम्ही भेटलात, इतकंच.

ऊन चढलं. कानाच्या पाळ्या भाजतायत, जीभ टाळूला चिकटलीये. समोरच्या खेड्यात विहीर दिसते. पोहरा खूप खाली जातो, तळाला आपटतो, अर्धाच भरून वर येतो. ओंजळ धरा. पहिला घोट आत गेला की सगळं अंग सैल होतं, आणि दुसऱ्या घोटाला कळतं की पाणी खारट आहे. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना माती काळीभोर, खोल, कसदार आणि तिच्या पोटातलं पाणी असं.

पहिल्याच घोटाला अंग सैल कसं झालं, ते पाहा. पाणी अजून जठरात पोचतंय. रक्तात त्याचा परिणाम दिसायला कितीतरी मिनिटं लागतील. मग तहान कमी झाल्यासारखी वाटली कशी? कॅलिफोर्नियात झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये याचं उत्तर उंदरांच्या मेंदूत पाहिलं. तहानेच्या पेशी पाणी पिणं सुरू होताच एका मिनिटाच्या आत शांत होतात. तोंड आणि घशाकडून आलेल्या बातमीवर त्या हिशेब मांडतात की एवढं पाणी आता रक्तात येणार. त्याच गटानं पुढे उंदरांना मिठाचं कडक पाणी पाजलं, तेव्हा पेशी आधी शांत झाल्या आणि पोटातून खारटपणाची खबर आल्यावर पुन्हा जाग्या झाल्या. पहिला अंदाज चुकला आणि शरीरानं तो लगेच दुरुस्त केला.

म्हणजे तुमच्या आतही एक अंदाज सांगणारा बसलाय. तो घोटाघोटाला बोलतो, चुकतो आणि चूक सुधारतो. आजच्या प्रवासात त्याच्याकडे सतत लक्ष ठेवा.

नदी आली. पूर्णेचं पात्र म्हणजे पांढरी वाळू, तापलेली, तळव्यांना चटके देणारी. मध्यभागी बायांनी वाळूत हातभर खोल झिरे खणलेत. प्रत्येकीच्या झिऱ्याभोवती वाळूचा छोटा बांध आहे. पाणी थेंबाथेंबानं साठतं आणि त्या वाटीवाटीनं घागर भरतात. एक बाई तुमच्याकडे पाहते, वाटी पुढे करते. "घ्या भाऊ, गोड हाये." तिच्या घागरीत अजून चार वाट्यासुद्धा जमलेल्या नाहीत. हळू प्या.

तिसऱ्या प्रहरी भेंडवळ लागतं. बाबा आपल्याला त्यांच्या बहिणीच्या घरी नेतात. ओसरी शेणानं सारवलेली, गार. कोपऱ्यात पितरांची घागर मांडलीये, तिच्यावर आंब्याचं पान. चांगल्या साली या दिवशी घरभर पुरणाचा आणि आमरसाचा वास असतो. आज तुमच्या हातात चिंच-गुळाचं पाणी येतं, गूळ नावापुरता. आखाजीला सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. शेजारच्या वाड्यासमोर दोन तरुण सकाळपासून उकिडवे बसलेत. यंदा त्यांना साल घालायला अजून कुणी बोलावलेलं नाही.

तुम्हाला भूक लागलीये. त्या घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला तुमच्याहून कितीतरी जास्त. त्याची नजर उतरंडीच्या तळच्या मडक्यावर खिळलीये. मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं आहे. आत राखेत मुरवून ठेवलेली ज्वारी आहे, पुढच्या पेरणीचं बी. तो हळूच मडक्यापर्यंत सरकतो, लिंपणावर नख लावतो. आई त्याचा हात धरते. मारत नाही, नुसता धरून ठेवते.

तुम्हाला राहवत नाही. "माय, लेकरू उपाशी हाये. हे शिजवत कावून नाही?"

"मंग मिरगात काय पेरू? माती?"

इथं थांबा. या ओसरीवर आत्ता माणसाच्या मेंदूतली सर्वांत कठीण झुंज चाललीये. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. त्यातल्या भुकेच्या पेशी पेटल्या की बाकी सगळे विचार बाजूला पडतात आणि डोळ्यांना अन्नच दिसत राहतं. त्या पेशींना पुढचा मृग माहीत नाही. मृग माहीत आहे तो कपाळामागच्या मेंदूला. समोरची वस्तू किती मोलाची हे ठरवणारा एक भाग तिथं असतो, आणि त्याच्या बाजूचा दुसरा भाग त्याला दूरचा लाभ हिशेबात धरायला लावतो. आहारावर ताबा ठेवणाऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा या दोन भागांची ही देवाणघेवाण दिसून आली. आणखी एक गोष्ट प्रयोगांत आढळली: पुढचा काळ माणूस जितका ठळक, तपशिलासह डोळ्यांसमोर आणू शकतो, तितकं त्याला थांबणं जमतं. स्मृतींचं घर असलेला हिप्पोकॅम्पस यात मदत करतो, कारण मेंदूचे जे भाग कालचं आठवतात तेच उद्याचं चित्रही रंगवतात.

ही माय त्या मडक्यात ज्वारी पाहतच नाही. ती जूनमधलं शेत पाहते: ओली माती, तिफणीच्या चाड्यात मुठीनं सुटणारे दाणे, तिसऱ्या दिवशी वर आलेले अंकुर. ते चित्र तिच्या मनात धड आहे तोवर मडक्याचं लिंपण शाबूत राहील. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गावात असंही घर असेल जिथं हे मडकं फुटलं, बी शिजलं. त्या घरच्या माणसांचं मन कमकुवत नव्हतं. भूक पुरेशी लांबली की दूरचं पाहणारा मेंदू कुणाचाही थकतो.

संध्याकाळ झाली. चला, शेताकडे. सगळं गाव निघालंय आणि आसपासच्या गावांचंही. पायांखालच्या काळ्या जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्यात. धूळ गुडघ्यापर्यंत उडते आणि घामावर चिकटते. पोरं खांद्यांवर, म्हातारे काठ्यांवर. "सरका वो," "बुढ्याले वाट द्या," असं चाललंय. मध्येच गर्दी शांत होते. वाघ घराण्यातले महाराज आलेत. पाऊस-पिकांचा अंदाज सांगणारी ही घटमांडणी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असं गाव सांगतं. आज आपल्या काळात ती साडेतीनशे वर्षांची मानली जाते आणि अजून याच रीतीनं होते.

पुढे सरका, टाचा उंच करा. शेतात गोल आखला जातोय. त्या गोलावर अठरा धान्यांच्या छोट्या राशी मांडल्या जातात: गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, मसूर, लाख, वाटाणा, भादली, अंबाडी, सरकी... मधोमध खड्डा. त्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, वडा, भजी. शेजारी पान-सुपारी. प्रत्येक वस्तू कशाची तरी खूण आहे: पान-सुपारी राजाची, करंजी तिजोरीची, कुरडई-सांडोळी चाऱ्याची.

तळलेल्या वड्याचा वास वाऱ्यावर आला. तुमच्या तोंडाला पाणी सुटलं ना? आजूबाजूच्या शेकडो तोंडांनाही सुटलंय. नुसत्या वासानं, घास घेण्याच्या आतच, भुकेच्या पेशी क्षणभर शांत होतात. अन्न आलं, असा त्यांचा अंदाज. घास आला नाही की त्या पुन्हा पेटतात. या शेतात आज प्रत्येक पोटात तो अंदाज उठतोय आणि मोडतोय. वर्षभर उपाशी राहिलेल्या गावात अठरा धान्यं आणि तळलेले पदार्थ उघड्यावर ठेवून सगळेजण मागं फिरतात. रात्रभर तिथं कुणी जायचं नाही, आणि कुणी जात नाही.

बांधापलीकडे घोंगडी अंथरा. तृतीयेची कोर केव्हाच बुडालीये, वर चांदण्या दाटल्यात. जमीन दिवसभर प्यालेलं ऊन आता पाठीला परत देतेय. टिटवी ओरडून जाते. लांब टाळ वाजतायत. शेजारी दोन म्हातारे कुजबुजतात: अमक्या साली मांडणीत जे निघालं तसंच घडलं, तमक्या साली शब्दन्‌शब्द खरा झाला. न जुळलेल्या सालांचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात येत नाही. ते खोटं बोलत नाहीत. जुळलेली गोष्ट स्मृतीत ठळक उमटते, न जुळलेली विरून जाते. हा मेंदूचा जुना दोष आहे, तुमच्याही मेंदूचा आणि माझ्याही.

स्पष्टच सांगतो. त्या गोलात रात्री जे हलेल ते वाऱ्यानं, मुंग्यांनी, उंदरांनी हलेल. ढेकळं घागरीच्या पाझरानं भिजतील. पुढच्या महिन्यात येणारा पाऊस समुद्रांवरच्या उष्णतेनं आणि वाऱ्यांनी ठरतो. त्याची खूण मसुरीच्या राशीत उमटायला काही मार्ग नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आज हेच सांगतात आणि ते बरोबर आहे.

मग तुम्हाला झोप का येत नाही? सकाळी काय निघेल याची उत्सुकता तुमच्याही छातीत धडधडतेय. तुम्ही तर पुढची शंभर वर्षं पाहून आलात.

२००९ मध्ये ईथन ब्रॉमबर्ग-मार्टिन आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी तहानलेल्या माकडांना दोन खुणांतून एक निवडायला दिली. पाणी मिळण्याची शक्यता दोन्हींत सारखीच. फरक एवढाच की एका खुणेमागून थोडंसं आधी कळायचं: आता जास्त पाणी येणार की कमी. त्या कळण्यानं पाण्याचा एक थेंबही वाढत नव्हता. तरी माकडं पुन्हा पुन्हा तीच खूण निवडत राहिली. आणि पाण्याच्या आशेनं ज्या पेशी चाळवत, त्याच पेशी या आधी कळण्याच्या आशेनंही चाळवल्या. त्या मध्यमेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांत या चार-सहा लाखच. पण पाऊल उचलायचं की नाही, कशासाठी उचलायचं, हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पुढचं कळावं ही मेंदूची भूकच आहे. आणि मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं असतं, तेव्हा वाट पाहताना या पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत जाते. ही अख्खी गर्दी या क्षणी नेमकी तिथं उभी आहे.

उजाडलं. उठा, अंग झटका. गारवा अर्ध्या घटकेपुरताच आहे. गोलाभोवती कालच्याहून दाट गर्दी झालीये. बायका मागं ओढ्याच्या कडेला. घोंगड्यांचा, बिडीचा, झोपेतल्या लेकरांचा वास. महाराज वाकून राशी पाहतात. कुठले दाणे गोलाबाहेर गेले, कुठले जागेवर राहिले, कुठलं ढेकूळ किती भिजलं. पुढच्या ओळीतल्यांना ऐकू येतं, त्यांच्याकडून दुसऱ्या ओळीला, मग तिसऱ्या. "काय म्हन्ते? पयल्या महिन्याचं काय म्हन्ते?" शब्द तुमच्यापर्यंत तुटक पोचतात. म्हणून शब्दांऐवजी चेहरे पाहा.

बाबांच्या कपाळावरच्या आठ्या आधी ताणल्या, मग सैल झाल्या. त्यांनी मनाशी धरलेल्या उत्तराहून आलेलं उत्तर बरं निघालं असावं. स्वित्झर्लंडमध्ये व्होल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामाइन पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं, त्याचं सार १९९७ मध्ये मांडलं गेलं. माकडाला अवचित रसाचा थेंब मिळाला की या पेशी पेटत. आधी खूण आणि मग रस असा क्रम लागला की त्या खुणेलाच पेटू लागल्या, रस आला तरी गप्प. आणि खूण होऊन रस आला नाही, तर नेमका तो येण्याच्या क्षणी त्यांचा नेहमीचा ठोकाही बंद पडे. अपेक्षा आणि घडलेलं यांच्यातलं अंतर त्या मोजतात, आणि त्या अंतरातूनच मेंदू शिकतो. ज्यानं काही अपेक्षाच धरली नाही, त्याला चुकायलाही जागा नाही आणि शिकायलाही नाही.

आता गर्दी पांगतेय. हाच भाग मला तुम्हाला दाखवायचा होता. लोहाराकडे भाता सुरू झालाय, लाल कोळशांचा वास आणि घणाचा आवाज. कुणी वखराची पास धार लावायला आणलीये. सुताराच्या ओसरीत बाभळीचे धलपे उडतायत, तिफणीचा मोडलेला फण बदलला जातोय. काल वाड्यासमोर उकिडवे बसलेल्या दोघांपैकी एकाला साल मिळालंय. तो बैलांना पाणी दाखवायला निघालाय आणि त्याच्या पावलांना वेग आहे. दुसरा अजून तिथंच, त्याच जागी, त्याच नजरेनं.

त्या दुसऱ्याजवळ जरा बसा. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी एक कठोर प्रयोग जगासमोर ठेवला. विजेचे झटके ज्या कुत्र्यांना काही केल्या थांबवता आले नव्हते, त्यांतली बरीच पुढे सहज सुटता येत असतानाही जागची हलली नाहीत. हतबलता शिकली जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. जवळपास 50 वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूचा पुरावा समोर ठेवून आपला निष्कर्ष उलटवला. लांबलेल्या त्रासापुढे गोठून जाणं हा मेंदूचा मुळातला प्रतिसाद आहे. तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते हे की, माझ्या करण्यानं काही बदलतं. ही गोष्ट कपाळामागच्या मेंदूला एकदा नीट कळली की तो खालच्या मेंदूखोडातल्या गोठवणाऱ्या पेशींना शांत करतो, आणि पुढच्या संकटातही ते बळ टिकतं. साल मिळालेल्या तरुणाच्या पावलांतला वेग त्याच्या स्वभावातून आलेला नाही. त्याच्या हातात बैलांचं दावं आलं, तिथून तो आला. दुसरा आळशी नाही. त्याच्या हातात काही आलेलं नाही.

आता परत या. येताना त्या काळातली आणखी एक गोष्ट सोबत घ्या. अंदाज त्या साली सरकारच्या हवामान खात्याकडेही होता. देशाच्या मान्सूनचे अंदाज 1886 पासूनच निघत होते. 1899 साठी जॉन एलियट यांच्या खात्यानं बऱ्या पावसाची अपेक्षा वर्तवली होती आणि त्या शतकातल्या सर्वांत भीषण अवर्षणांपैकी एक पडलं. अंदाज सपशेल फसला. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर त्या खुर्चीवर आले. गणिती माणूस. त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा करून चुकलेल्या अंदाजांच्या मुळाशी जायला सुरुवात केली आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाची एक भली मोठी हेलकाव्यासारखी अदलाबदल त्यांना सापडली. आज एल निनोबद्दल आपण जे ऐकतो, त्यातला मोठा धागा तिथून निघाला. अंदाज, चूक, चुकीची नोंद, नवा अंदाज. तुमच्या मेंदूतल्या पेशी घोटाघोटाला करतात तेच काम वॉकर यांनी समुद्रांच्या पातळीवर केलं. घटमांडणीत पहिला अंदाज आहे, चुकीची वही मात्र नाही. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आजही आखाजीच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या शेतात गर्दी होते, आता तर मोबाईल उंच धरून. त्या माणसांना हसू नका. त्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांसोबत तुम्ही आत्ता रात्र काढून आलात. पुढचं कळावं ही भूक तुमच्यातही तेवढीच आहे. त्या भुकेला चांगलं अन्न द्यायला हवं. भेंडवळचं ऐका किंवा हवामान खात्याचं, पण ऐकलेलं घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा आणि दिवाळीला त्याच्यापुढे घडलेलं लिहा. पाच सालांत भिंतच तुम्हाला सांगेल कुणाचं किती धरायचं.

आणि अंदाज सांगणाऱ्यांनो, मग तुम्ही हवामान खात्यात असा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात असा किंवा गावच्या पारावर, नुसतं 'पाऊस कमी' म्हणून थांबू नका. कमी पावसाचं वाक्य ऐकून माणूस गोठतो. त्याच्यासोबत करता येण्याजोगं काहीतरी द्या: कपाशीत तुरीच्या ओळी किती टाकायच्या, पहिला पाऊस पडल्यावर पेरणीसाठी किती ओल येईपर्यंत थांबायचं, दुबार पेरणीसाठी किती बी मागं ठेवायचं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं एका शेतात चार पिकं पेरली, ती आपला अंदाज चुकणार हे आधीच धरून. त्या गोलातल्या अठरा राशी पाहताना मला तेच शहाणपण सगळ्यात जास्त दिसलं: एक गेलं तरी दुसरं हाताशी राहील.

घरात कुणी असा हताश बसलेला असेल, शेतकरी असो, नापास झालेलं पोर असो की काम सुटलेला भाऊ, तर त्याला धीर धर म्हणू नका. ते त्यानं शंभरदा ऐकलंय. त्याच्या हातात आजच्या आज पूर्ण होईल असं एक काम द्या, आणि ते झाल्यावर काय बदललं ते त्याला दाखवा. उद्या दुसरं द्या. उमेद त्या मार्गानं परत येते, हे भेंडवळच्या लोहाराला ठाऊक होतं आणि आता मेंदूच्या अभ्यासकांनाही ठाऊक आहे.